कृष्णद्रव्य सापडले, की सापडले नाही?

२०११ च्या हिवाळ्यात अंबाजोगाईला विज्ञान शिक्षकांच्या एका मेळाव्यात आम्ही कृष्णद्रव्यावर भाषण दिले होते. त्या वेळी वातावरणच तसे होते. इटलीतील ‘डामा’ हा गट तेरा-चौदा वर्षे सांगत होता की आम्हाला कृष्णद्रव्याच्या कणांची चाहूल लागली आहे. त्यात अमेरिकेतील ‘कोजेंट’ आणि इटलीतच चालणारा ‘क्रेस्ट’ या दोन प्रयोगांची भर पडली. या दोघांनाही अपेक्षेपेक्षा जास्त घटना दिसल्या होत्या, आणि तिन्ही प्रयोगांचा रोख साधारणपणे दहा प्रोटॉनांइतक्या किंवा त्याहून काहीशा जड कणाकडे होता. आम्ही फळ्यावर खडूने तीन वर्तुळे काढली, ती एकमेकांवर आलेली दाखवली आणि ‘चार-पाच वर्षांत हे तुमच्या दहावीच्या पुस्तकात येईल’ असे सांगून टाळ्या घेतल्या.

खरे म्हणजे ती वर्तुळे एकमेकांवर जवळजवळ येत होती, पूर्ण नव्हे. खडूची रेघ जाड असते हा त्याचा फायदा.

अलीकडे बीडला एका शिबिरात त्या वेळच्या श्रोत्यांपैकी एक बाई भेटल्या. त्यांनी तेव्हाची वही जपून ठेवली होती. ‘सर, ते पुस्तकात काही आले नाही,’ त्या म्हणाल्या. आणि लगेच दुसरा प्रश्न : ‘आता कोरिया आणि स्पेनचे लोक म्हणतात की तसले काही नाहीच. मग इटलीचे लोक इतकी वर्षे खोटे बोलत होते का?’

पहिल्या वाक्याने आम्ही ओशाळलो. दुसऱ्या प्रश्नाला तिथल्या तिथे धड उत्तर देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करतो. सुरुवातीलाच सांगून टाकतो की आमच्या मते कोणीही खोटे बोललेले नाही, पण इटलीचा दावा आता टिकत नाही, आणि तो इतकी वर्षे लोंबकळत राहिला याचा दोष एकाच बाजूला देता येत नाही.

प्रयोग काय होता ते आधी पाहू. आकाशगंगेच्या फिरण्यावरून असे दिसते की तिच्यात ताऱ्यांच्या व वायूच्या मानाने बरेच जास्त, न दिसणारे द्रव्य आहे. ते एखाद्या नव्या मूलकणाचे बनलेले असेल, तर ते कण आपल्या आसपासही असणार. हिशेब केला तर एक लिटर जागेत सुमारे तीनशे प्रोटॉनांइतके वस्तुमान या द्रव्याचे निघते. तुमच्या वर्गातून, तुमच्या अंगातून हे कण सतत आरपार जात असतील. पण एखादाच कण क्वचित कधी एखाद्या अणुकेंद्रकाला धडकेल. तो धक्का पकडायचा. त्यासाठी डामा गटाने सोडियम आयोडाइडचे अतिशुद्ध स्फटिक घेतले. अशा स्फटिकात थोडे थॅलियम मिसळलेले असते आणि आत धक्का बसला की प्रकाशाची बारीकशी चमक निघते. विश्वकिरणांचा त्रास टाळण्यासाठी ते स्फटिक ग्रान सास्सो डोंगराखाली, सुमारे १४०० मीटर खडकाच्या पोटात ठेवले. आधी सुमारे १०० किलो आणि २००३ पासून सुमारे २५० किलो.

अडचण अशी की किरणोत्सारी अशुद्धींमुळेही चमका निघतात आणि त्या फार असतात. मग कृष्णद्रव्याची चमक ओळखायची कशी? १९८६ मध्ये द्रुकिए, फ्रीस आणि स्पर्गेल यांनी सुचवलेली युक्ती येथे उपयोगी पडली. सूर्य आकाशगंगेतून सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने जातो, म्हणजे आपल्यावर कृष्णद्रव्याचा ‘वारा’ येत असतो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते; तिची कक्षा कललेली असल्यामुळे त्यातले सुमारे १५ किलोमीटर जूनमध्ये सूर्याच्या वेगात मिळवले जातात आणि डिसेंबरमध्ये वजा होतात. म्हणून धडकांची संख्या २ जूनच्या सुमारास सर्वांत जास्त व डिसेंबरच्या सुरुवातीस सर्वांत कमी असायला हवी. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर, मृग निघण्याच्या पाच-सहा दिवस आधी कृष्णद्रव्याचा वारा सर्वांत जोराचा.

डामाला नेमके हेच दिसले. त्यांचे आकडे ढोबळमानाने असे : ज्या ऊर्जापट्ट्यात (२ ते ६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) ते पाहत होते, त्यात २५० किलो स्फटिकांत दिवसाला साधारण हजार चमका. त्यांत जूनला सुमारे दहा जास्त, डिसेंबरला दहा कमी. शंभरात एकाचा फरक. हा फरक दरवर्षी येत राहिला. बावीस वार्षिक चक्रे मिळून हा योगायोग नसल्याची खात्री त्यांनी १३.७ प्रमाण विचलने इतकी दिली. नव्या कणाच्या शोधासाठी पाच प्रमाण विचलने पुरेशी मानतात.

आता हा १३.७ चा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही ते पाहिले पाहिजे, कारण वर्तमानपत्रांनी, आणि त्या दिवशी आम्हीही, घोटाळा केला तो येथेच.

बीड जिल्ह्यातल्या शिक्षकांना हे समजावण्यासाठी इटलीत जायची गरज नाही. धारूर, वडवणी, पाटोदा किंवा शिरूर तालुक्यातील एखाद्या वाडीवरच्या शाळेचे हजेरीपट काढा. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला जातात, मुले आईबापांबरोबर फडावर जातात आणि हजेरी उतरते. पाडव्याच्या सुमारास कारखान्यांचे पट्टे पडू लागले की ती पुन्हा चढते. वीस वर्षांचे हजेरीपट घेतले तर हा चढउतार १३ काय, त्याहून जास्त प्रमाण विचलनांनी सिद्ध होईल. चढउतार खरा आहे यात शंका नाही. पण जिल्ह्याबाहेरचा कोणी नुसते आकडेच पाहील, तर तो म्हणेल की थंडीमुळे मुले येत नाहीत. त्याच्या तर्कातही खोट नाही. थंडी त्याच महिन्यांत असते. आकडे योगायोगाने आलेले नाहीत एवढेच प्रमाण विचलन सांगते. ते थंडीमुळे आले की ऊसतोडीमुळे, हे सांगणे त्याच्या हाती नाही.

मग ते ठरवायचे कसे? जिथे थंडी तितकीच आहे पण ऊसतोडीला कोणी जात नाही, अशा गावचे हजेरीपट पाहायचे. किंवा ज्या गावी हंगामी वसतिगृह चांगले चालते आणि मुले मागे राहतात, तिथले पाहायचे. एक कारण तसेच ठेवून दुसरे बदलायचे. एवढे केल्याशिवाय ‘१३.७’ म्हणणे म्हणजे हजेरीपट जाड असल्याचा अभिमान बाळगण्यासारखे आहे.

वर्षातून एकदा चढणाऱ्या-उतरणाऱ्या गोष्टींना तोटा नाही. खाणीतले तापमान, हवेतला दमटपणा, खडकातून झिरपणारा रेडॉन वायू, यांनाही ऋतू असतात. वरून येणाऱ्या म्यूऑन कणांची संख्यासुद्धा वरच्या हवेच्या तापमानाबरोबर बदलते. ग्रान सास्सोत ती उन्हाळ्यात सुमारे सव्वा-दीड टक्क्याने वाढते. डामा गटाने यांतल्या बहुतेकांची दखल घेतली होती हे मान्य करायला हवे. म्यूऑनांचे शिखर जूनच्या अखेरीस किंवा जुलैत येते, डामाचे मेअखेरीस. तेव्हा ते कारण बसत नाही हे त्यांचे म्हणणे रास्त होते. चढउतार फक्त एकाच स्फटिकात उमटणाऱ्या चमकांत दिसतो आणि ६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर दिसत नाही, हेही त्यांचे मुद्दे वजनदार होते. गडबड होती ती वेगळ्याच ठिकाणी, असे आम्हाला वाटते.

डामाने चमकांची एकूण संख्या काळानुसार कशी बदलत गेली याचा आलेख प्रसिद्ध केला नाही. प्रसिद्ध केले ते ‘उर्वरित’ आकडे, म्हणजे प्रत्येक वर्षाची सरासरी त्या त्या वर्षाच्या आकड्यांतून वजा केल्यावर जे उरते ते. ही रीत वरवर निर्दोष दिसते. पण २०२० मध्ये इटलीतल्याच बुत्ताझ्झो, पान्ची, रोस्सी आणि स्ट्रुमिया या संशोधकांनी तिच्यातला धोका दाखवून दिला. तो इतका सोपा आहे की नववीच्या वर्गात करून पाहता येतो.

समजा, चमकांची संख्या कोणत्याही ऋतूचा संबंध नसताना दरमहा फक्त एकाने वाढते आहे. आपले वर्ष सप्टेंबरला सुरू होते. सप्टेंबरात १००, ऑक्टोबरात १०१, असे करत ऑगस्टमध्ये १११. सरासरी १०५.५. ती वजा करा : सप्टेंबर उणे ५.५, ऑक्टोबर उणे ४.५, शेवटी ऑगस्ट अधिक ५.५. पुढचे वर्ष ११२ पासून १२३ पर्यंत, सरासरी ११७.५, वजा केल्यावर पुन्हा उणे ५.५ पासून अधिक ५.५ पर्यंत तेच आकडे. अशी पाच वर्षे आलेख कागदावर मांडा. करवतीच्या दात्यांसारखा आलेख मिळतो आणि त्याचा आवर्तकाल बरोबर एक वर्ष! मूळ आकड्यांत वर्षाचा मागमूस नव्हता. तो आपणच सरासरी वजा करून घातला. आता या दात्यांवर सर्वांत जवळून जाणारी लाट बसवली, तर तिची उंची सुमारे ३.८ निघते आणि तिचे शिखर वर्ष सुरू झाल्यापासून नऊ महिन्यांनी येते. सप्टेंबरपासून नऊ महिने म्हणजे जूनचा आरंभ.

डामाची चक्रे साधारण सप्टेंबरलाच सुरू होत.

याचा अर्थ डामाचा चढउतार असाच आला हे सिद्ध झाले असे नाही. ही सूचना आली तेव्हा आम्हालाही फार आनंद झाला होता आणि म्हणून आम्ही हिशेब पुन्हा करून पाहिला. शंभरात एकाची लाट या मार्गाने हवी असेल, तर एकूण चमका दरवर्षी सुमारे तीन टक्क्यांनी वाढत राहिल्या पाहिजेत. किरणोत्सारी अशुद्धी तर काळाबरोबर कमी होतात. वाढणारे असे काय असेल याचे सहज पटणारे उत्तर नाही आणि डामा गटाने ही शक्यता ठामपणे नाकारली आहे. कोरियाच्या ‘कोसाइन-१००’ गटाने मात्र आपल्या आकड्यांवर डामाची रीत चालवून पाहिली. त्यांच्याकडे पार्श्वभूमी कमी होत जाणारी होती, त्यामुळे त्यांना चढउतार मिळाला तो उलटा : शिखर जूनऐवजी डिसेंबरात. म्हणजे रीत धोक्याची आहे हे खरे, पण डामाच्या बाबतीत तोच धोका नडला हे ठरलेले नाही. एकूण आकड्यांचा आलेख प्रसिद्ध झाला असता तर हा वाद एका दुपारीत मिटला असता. आमची डामावर सर्वांत मोठी टीका ही आहे. वीस वर्षे स्फटिक सांभाळण्याचे त्यांचे कष्ट मोठे आहेत. पण जो आकडा दुसऱ्याला तपासता येत नाही, तो कितीही प्रमाण विचलनांचा असो, अर्धाच राहतो.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू.

अमेरिकेच्या ‘सीडीएमएस’ प्रयोगाने २००० मध्येच जाहीर केले की आमच्या जर्मेनियमच्या व सिलिकॉनच्या तबकड्यांत तसे काही नाही, म्हणून डामा चूक. पुढे द्रवरूप झेनॉन वापरणारे प्रयोग आले आणि दरवेळी ‘डामा पुन्हा खोटा ठरला’ अशा बातम्या झाल्या. हा युक्तिवाद शास्त्रीयदृष्ट्या अपुरा होता. इटलीत सोडियम आणि आयोडीन आहे. तुमच्याकडे जर्मेनियम आहे. कृष्णद्रव्याचा कण दोघांशी सारखाच वागेल हे तुम्ही गृहीत धरले आहे. या फटीतून सिद्धांतवाले आत शिरले. कोणी म्हणाले कण प्रोटॉनशी एक आणि न्यूट्रॉनशी वेगळा वागतो. कोणी म्हणाले की धडकताना तो जड अवस्थेत जातो, म्हणून त्याला जड अणुकेंद्रकच लागते. दहा-पंधरा वर्षे शोधनिबंधांचे पीक आले. त्यातला थोडा भाग आम्हीही वाचण्यात घालवला. ते सगळे फुकट गेले असे म्हणवत नाही, पण विरोधी निकालांचा मेळ घालायचा म्हणून निसर्गालाच वाकवणे हा शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे.

यातल्या काही पळवाटा बंद करायला आवर्तसारणीच पुरेशी होती. आयोडीनचा अणुअंक ५३, झेनॉनचा ५४. अणुवस्तुमान १२७ आणि सुमारे १३१. आयोडीनला धडकणारा कण शेजारच्या झेनॉनला अजिबात धडकणार नाही, असे म्हणायला फार धिटाई लागते. सोडियम मात्र हलके. तिथली फट खरोखर शिल्लक होती. ती बुजवण्याचा सरळ मार्ग एकच : तेच सोडियम आयोडाइड घ्या आणि दुसऱ्या डोंगराखाली ठेवा.

हे करायला वीस वर्षे लागली. त्याचे एक कारण आळस नव्हे, पोटॅशियम होते. सोडियमबरोबर पोटॅशियम हटकून येते. निसर्गातल्या पोटॅशियमचा अगदी थोडा अंश किरणोत्सारी पोटॅशियम-४० असतो, आणि त्याची एक खूण ३.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला उमटते, म्हणजे नेमकी डामाच्या पट्ट्यात. डामाइतके शुद्ध स्फटिक दुसऱ्या कोणाला बनवता येईनात. अखेर २०१६ मध्ये दक्षिण कोरियात यांगयांग येथे १०६ किलोंचा कोसाइन-१०० आणि २०१७ मध्ये स्पेनमध्ये पिरनीज पर्वताखाली कानफ्रांक येथे ११२.५ किलोंचा ‘अनाइस-११२’ सुरू झाले. दोघांचीही पार्श्वभूमी डामाच्या दोन-तीन पट होती, म्हणून त्यांना धीर धरावा लागला. तो त्यांनी धरला. सुमारे साडेसहा वर्षांच्या आकड्यांवरून कोसाइनचा आणि सहा वर्षांच्या आकड्यांवरून अनाइसचा निकाल आता हाती आहे : चढउतार शून्याशी जुळतो. डामाच्या आकड्याशी विसंगती कोसाइनमध्ये तीन प्रमाण विचलनांपेक्षा जास्त, अनाइसमध्ये सुमारे चार.

एक बारीक फट अजून सांगितली जाते. धक्का बसलेले अणुकेंद्रक आपल्या ऊर्जेचा थोडाच भाग प्रकाशात देते. तो भाग डामाने सोडियमसाठी ०.३० धरला होता. नंतरच्या बऱ्याच मोजण्यांत तो कमी आला. स्फटिकागणिक हा भाग वेगळा असेल, तर दोन प्रयोग एकाच ऊर्जेकडे पाहतच नव्हते असे म्हणता येईल. कोरियाच्या गटाने तीही तुलना करून पाहिली आणि निकाल बदलला नाही.

२०११ च्या इतर दोन वर्तुळांचे काय झाले? क्रेस्ट गटाने स्फटिक धरून ठेवणाऱ्या पकडी सुधारून २०१४ मध्ये पुन्हा पाहिले, तर जादा घटना नाहीशा झालेल्या होत्या. कोजेंटमध्ये तबकडीच्या पृष्ठभागावरच्या घटना आतल्या म्हणून मोजल्या जात होत्या असे बहुतेकांचे मत झाले. आम्हाला सर्वांत आवडतो तो झेनॉन-१टी गटाचा किस्सा. २०२० मध्ये त्यांना इलेक्ट्रॉनांच्या धक्क्यांत थोड्या जादा घटना दिसल्या. जगभर मथळे झाले. पण निबंधातच त्यांनी लिहिले होते की किंचित ट्रिटियम असले तरी असे दिसेल. २०२२ मध्ये मोठ्या व जास्त शुद्ध उपकरणाने पाहिले आणि जादा घटना नाहीत असे त्यांनीच जाहीर केले. त्या दुसऱ्या निकालाला आमच्या पाहण्यात एकाही मराठी दैनिकाने चार ओळी दिल्या नाहीत.

असे प्रसंग आपल्याकडेही घडले आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने कोलारच्या सोन्याच्या खाणीत दशकानुदशके प्रयोग केले. १९६५ मध्ये वातावरणात तयार झालेले न्यूट्रिनो तेथे प्रथम नोंदले गेले, हे निर्विवाद यश. १९७५ मध्ये काही चमत्कारिक घटना प्रसिद्ध झाल्या. एखादा नवा कण थोड्या अंतरावर फुटल्यासारख्या त्या दिसत. त्वरकांवर शोध घेतला तर तसे काही मिळाले नाही. १९८० नंतर २.३ किलोमीटर खोलीवरच्या १४० टनांच्या उपकरणाने प्रोटॉन फुटल्याच्या मोजक्या संभाव्य घटना नोंदल्या. अमेरिकेत व जपानमध्ये हजारो टन पाण्याच्या टाक्यांत त्या आढळल्या नाहीत, आणि तो दावा मागे पडला. येथे टाक्यांतली संख्याच इतकी मोठी होती की पळवाट उरली नाही. पण १९७५ च्या घटनांचे आजही समाधानकारक उत्तर नाही. चेन्नईचे मूर्ती आणि राजशेखरन यांनी २०१३-१४ मध्ये सुचवले की ते कृष्णद्रव्याच्या कणांचे फुटणे असेल. आम्हाला ते फारसे पटलेले नाही. तरी कोलारच्या गटाने आपल्या घटनांची चित्रे एकेक करून प्रसिद्ध केली होती, म्हणून चाळीस वर्षांनी दोघांना त्यांवर पुन्हा विचार करता आला, याचे मोल वाटते.

उरला एक प्रयोग. ऑस्ट्रेलियात स्टॉवेलच्या सोन्याच्या खाणीत, १०२५ मीटर खोलीवर, ‘सेबर’ गट सोडियम आयोडाइडच वापरतो आहे. जूनमध्ये तिथे हिवाळा असतो. कृष्णद्रव्याचा वारा मात्र तिथेही जूनमध्येच जास्त हवा. म्हणजे थंडी उलटी आणि ऊसतोड तशीच, असे ते गाव आहे.

बाईंना आम्ही हे सगळे पत्राने कळवले आणि सरासरी वजा करण्याचा तक्ताही पाठवला. त्यांनी तो नववीच्या मुलांकडून आलेख कागदावर काढून घेतला. करवतीचे दाते सगळ्यांना मिळाले. एका मुलीने विचारले की आपली शाळा तर जूनला सुरू होते, मग वर्ष सप्टेंबरऐवजी जूनपासून मोजले तर? आम्ही करून पाहिले : शिखर सरकून मार्चच्या सुरुवातीला येते. खरा वारा असता तर ते जूनमधून हलले नसते. डामाचे चक्र सरकवून हीच तपासणी बाहेरच्या माणसाला करायची असेल, तर त्याला एकूण आकडे लागतील.